बेडं काढण्याआधी: भरती-ओहोटीच्या लायब्ररीच्या मेन्टेनर मंडळींना खुलं पत्र

देवबाग, ता. मालवण

मेन्टेनर मंडळी,

स. न. वि. वि.

तुमची घोषणा वाचली. तुम्ही सांभाळता त्या लायब्ररीतला, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरायला दिलेल्या तयार कोडच्या संचातला, 'इंटर्नल' (फक्त आतल्या कामाचा) फोल्डर पुढच्या मोठ्या आवृत्तीत तुम्ही तसाच्या तसा उचलून बाहेर ठेवणार, फंक्शनांच्या (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांच्या) नावांपुढचे 'हे आतलं' सांगणारे अंडरस्कोर, म्हणजे खालच्या रेघेची चिन्हं, काढणार आणि आजवर जे आतलं होतं ते सगळं अधिकृत म्हणून जाहीर करणार. तुम्ही दिलेलं कारण खरंच आहे: लोक ते वापरतातच आहेत, मग लपवून काय उपयोग? त्या लोकांपैकी मी एक. चार वर्षं वापरतोय. बातमी वाचून मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, दुपारच्या जेवणापर्यंत. जेवून पडवीत आडवा झालो तसं एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी हे लिहायला बसलो.

आधी माझी ओळख, म्हणजे बोलतोय कोण ते कळेल. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि दर पावसाळ्यानंतर ते थोडे सरकलेले असतात. होडी कधी बाहेर काढायची, कधी आत घ्यायची, हे दांड्यावर पाणी किती त्यावर ठरतं. मी दिवसा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. संध्याकाळी सात वाजता माझा एक छोटासा पायथन प्रोग्राम वाडीतल्या होडीवाल्यांना दुसऱ्या दिवशीच्या भरती-सुकतीच्या वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. एवढाच कारभार. आतलं गणित सगळं तुमचं.

तुमची लायब्ररी बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट देते: ठिकाण सांगा, वेळ सांगा, पाण्याची उंची घ्या. संशोधकाला ते पुरतं. होडीवाल्याला 'सकाळी नऊ वाजता १.३७ मीटर' ऐकवून काय करायचंय? त्याला पाणी कधी वळतं ते हवं असतं. उंचीवरून ते काढता येतं, दर मिनिटाची उंची मागवून सर्वांत मोठा आकडा शोधायचा. सुरुवातीला मी तेच केलं. मग एकदा सहज तुमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडला तर आलेख जिथे चढायचा थांबून उतरायला लागतो तो क्षण नेमका पकडणारं फंक्शन आत तयार होतं, नीट लिहिलेलं, वर टीप दिलेलं. तुम्हाला ते तुमच्या आलेखांवर ठिपके काढायला लागायचं. नावापुढे अंडरस्कोर. तो मी पाहिला, पाहिला नाही असं म्हणणार नाही. पायथनमध्ये अंडरस्कोर कोणाला अडवत नाही. हे घरच्यांसाठी आहे, एवढंच सांगतो. मी 'इंपोर्ट' लिहिलं आणि आत शिरलो.

पुढचं तुम्हाला माहीत नसेल, कारण मी कधी कळवलं नाही. कळवायला तोंड नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पौर्णिमेनंतरची दूज, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. वाडीतल्या एका काकांनी कोल्हापूरच्या पाहुण्यांना पहाटे डॉल्फिन दाखवायला न्यायचं ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळच्या संदेशात भरतीची वेळ होती सकाळी ७:२०. काका सहाला निघाले. पाणी कमी वाटलं, पण मोबाइल म्हणतोय सव्वासात-साडेसातपर्यंत चढणार, म्हणजे चढतच असेल, या हिशोबाने त्यांनी होडी दांड्याकडे घातली. पहाटेच्या चांदण्यात पाणी नुसतं चकाकतं, खोली सांगत नाही. साडेसहाला माझा फोन वाजला.

"रे झिला, तुझ्या मोबायलात भरती, आणि माझी होडी हय रेवेर बसली हा. आता पावण्यांका काय सांगू?"

मी धावत गेलो तोवर पाहुणे चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याकडे निघाले होते. एका आजोबांना दोघांनी खांद्याला धरून आणलं. होडी वाळूत कलंडून बसलेली, पंखा उघडा पडलेला. कोणाला काही झालं नाही. काकांनी पैसे परत दिले, मी ते काकांना द्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. होडी पाण्याने उचलायला साडेआठ वाजले आणि तोवर मी तिथेच दांड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो.

दोष सापडायला दहा मिनिटं लागली. आदल्या रात्री सर्व्हरवर तुमची नवी पॅच (छोट्या दुरुस्त्यांची) आवृत्ती आपसूक चढली होती. त्यात तुम्ही त्या अंडरस्कोरवाल्या फंक्शनची वेळ स्थानिक ऐवजी जागतिक केली होती. योग्यच केलंत, आधीचा प्रकार गबाळा होता. उंची देणाऱ्या अधिकृत फंक्शनला या बदलाचा धक्काही लागला नाही. बदलांच्या यादीत एक ओळ होती, 'आतली वेळ-हाताळणी साफ केली'. माझ्या प्रोग्रामने मिळालेली वेळ जशीच्या तशी छापली. खरी भरती दुपारी १२:५० ला होती. त्यातून साडेपाच तास गेले की उरतात ७:२०.

आता यातली गंमत बघा, गंमत म्हणायची तर. चंद्राच्या ओढीने येणाऱ्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात. भरती ते सुकती त्याच्या निम्मे, सहा तास आणि वर बारा-तेरा मिनिटं. आपल्या घड्याळाचा जागतिक वेळेशी फरक साडेपाच तासांचा. म्हणजे भारतात हा घोळ झाला की भरतीच्या जागी जवळजवळ सुकतीच छापून येते. लिस्बनला झाला असता तर हिवाळ्यात कोणाला कळलंही नसतं.

काका सगळं झाल्यावर चहा पिताना एवढंच म्हणाले, "आज दूज. दोनाची पावणपट दीड. भरती दुपारची. ह्या माका खंयच्याय पोरान सांगल्यान असता. मी तुझ्या मोबायलार इस्वास ठेवलंय, ती माझी चूक."

चूक त्यांची नव्हती आणि तुमचीही नव्हती. आवृत्तीचा आकडा मी बांधून ठेवला नव्हता, 'यापेक्षा नवी कुठलीही चालेल' असं लिहून मोकळा झालो होतो. एक साधी चाचणी लिहिली असती, काल-परवाच्या भरतीची वेळ छापील कोष्टकाशी ताडून बघणारी, तरी पकडलं गेलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभाग अशी कोष्टकं दरवर्षी छापतो, अडचण काहीच नव्हती. अंडरस्कोरच्या आत शिरलेला माणूस आणि दुसऱ्याच्या परसातून जाणारा माणूस, दोघांनी पायाखाली बघून चालायचं असतं.

परसावरून मुद्द्यावर येतो.

गूगलमध्ये काम करताना हायरम राइट नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आलेली एक गोष्ट आता त्याच्या नावाने नियम म्हणून सांगतात: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कागदावर काय कबूल केलंय ते बाजूला राहतं, तुमच्या कोडचं जे जे वागणं बाहेर दिसतं त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी टेकलेलं असतं. प्रोग्रामर लोक हा नियम मोठ्या कौतुकाने सांगतात. आमच्या गावात कोणाला सांगितलात तर तो म्हणेल, मग यात नवीन काय, वहिवाट ती.

कोकणात जमिनीचे तुकडे लहान, वाटेकरी जास्त, आणि प्रत्येकाची विहिरीकडे, खाडीकडे, देवळाकडे जाणारी वाट दुसऱ्या कोणाच्या तरी बागेतून. भांडणं भावकीत व्हायची ती यावरूनच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात म्हटलंय की उघडपणे, हक्काने, खंड न पडता वीस वर्षं वाट वापरली तर तो हक्क पक्का होतो. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. १८८२ च्या कायद्यातली एक बारीक गोष्ट मात्र लोक विसरतात: परवानगीने केलेली ये-जा कितीही वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. म्हणून शहाणा मालक गडग्यातल्या (दगडी कुंपणातल्या) खिंडीला आडव्या काठ्यांचं बेडं लावून ठेवतो. कुलूप नाही. ज्याला जायचंय तो काठी सरकवून जातो आणि मागे परत लावतो. त्या काठीचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो: तू माझ्या मर्जीने जातोयस.

अंडरस्कोर म्हणजे हे बेडं. कायद्याने पाहिलं तर माझा तुमच्या फंक्शनवर काडीचा हक्क नव्हता.

तुम्ही आता ते बेडंच काढून टाकायला निघालात, आणि माझं म्हणणं नेमकं इथे आहे. आमच्या घराच्या मागच्या दारातून खाडीवर जाणारी वाट शेजारच्या चुलत्यांच्या बागेतून जाते. पिढ्यान्पिढ्या पायांनी पडलेली, गोठ्याला वळसा घालून, विहिरीच्या अगदी काठाने, दोन कलमांच्या मधून. मी कॉलेजात असताना चुलत्यांनी ठरवलं की आता ही वाट कायमची देऊन टाकू, कागदावर. सगळ्यांना वाटलं जिथून चालतो तीच पट्टी देतील. त्यांनी ती दिली नाही. त्यांनी गडग्याच्या कडेने सरळ चार फुटांची पट्टी मोजून दिली, चिरे लावले आणि जुनी वाट पुढचे दोन पावसाळे तशीच राहू दिली. आजी कुरकुरली, नवी वाट लांब पडते म्हणून. चुलते म्हणाले, उद्या मला विहीर रुंद करायची झाली, गोठा हलवायचा झाला, तर काय तुमची परवानगी काढू? खाडीवर जायला वाट हवीय ना, ती घ्या.

तुमचा 'इंटर्नल' फोल्डर म्हणजे ती पायांनी पडलेली वाट. ती तशीच रस्ता म्हणून नोंदवलीत तर तुमची विहीर, गोठा, कलमं, सगळी रस्त्यात येतील.

हवेत बोलत नाही, तुमचंच एक फंक्शन घेऊ, माझ्या ओळखीचं. वळण शोधणारं फंक्शन आज पाच गोष्टींची मोळी परत देतं: वेळ, उंची, भरती की सुकती त्याचं चिन्ह, शोधायला किती फेऱ्या लागल्या तो आकडा आणि शेवटी उरलेली चूक. पहिल्या तीन माझ्या कामाच्या. उरलेल्या दोन तुमच्या स्वतःच्या तपासासाठी. अंडरस्कोर काढून हे जसंच्या तसं बाहेर ठेवलंत तर उद्या शोधायची पद्धत बदलताना काय कराल? नव्या पद्धतीत फेऱ्याच नसतील, तरी कुठला तरी आकडा देत बसावं लागेल, कारण कोणीतरी तो छापत असेल. सहावी गोष्ट जोडायची म्हटलीत तरी पाच नावांत मोळी सोडवणारा प्रत्येक प्रोग्राम त्या दिवशी कोसळेल. माझाही, मी तसंच लिहिलंय.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. ते फंक्शन गृहीत धरतं की त्याआधी त्या बंदराचे स्थिरांक (भरतीच्या गणितातले त्या जागेचे ठरलेले आकडे) तयार करणारं दुसरं फंक्शन बोलावलं गेलंय. आत तुम्हीच बोलावता, क्रम तुम्हाला पाठ. बाहेरच्याने क्रम चुकवला तर एरर येत नाही. आधीच्या बंदराचे आकडे शिल्लक असतात ते मुकाट्याने वापरले जातात. मी एकदा मालवणच्या नावाखाली रत्नागिरीची भरती काढून बसलो होतो. घरातल्या माणसाला कुठली फळी कुजकी आहे ते माहीत असतं, तो तिच्यावर पाय देत नाही. पाहुण्याला माडीवर चढवायचं तर आधी फळी बदलावी लागते.

आणि चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यासाठी जे दुरुस्तीचे गुणक तुम्ही आत ठेवलेत, ते बाहेर का आणताय? ते कोणी मागितलेत? ते आत असताना तुम्ही वर्षाच्या मध्याचा गुणक वर्षभर वापरता की दर दिवसाचा वेगळा काढता, हा तुमचा प्रश्न. बाहेर आले की तो माझाही होतो, आणि मग सुधारणा केलीत तरी ती मोडतोड ठरते.

इतरांनी हे करून पाहिलंय, म्हणून धीर आहे. जावा भाषेत डेटा बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत, लिहायची सोय बरीच वर्षं सनच्या (जावा बनवणाऱ्या कंपनीच्या) आतल्या वर्गात होती, बाहेर सहज हाताशी येईल अशी अधिकृत नव्हती. मग लोक आतलीच वापरायचे आणि कंपाइलर दर वेळी कुरकुरायचा. २०१४ च्या मार्चमध्ये जावा ८ आलं तेव्हा त्यांनी तो आतला वर्ग उचलून बाहेर ठेवला नाही. नवा लिहिला, साधा, वेबच्या पत्त्यांसाठी आणि ईमेलसाठी असे तीन प्रकार वेगळे करून, कारण जुना दर ७६ अक्षरांनी ओळ तोडायचा आणि निम्म्या लोकांना ती तोडलेली ओळ नकोच असायची. जुना वर्ग २०१७ च्या सप्टेंबरात, जावा ९ मध्ये, काढला. मध्ये साडेतीन वर्षं. चुलत्यांचे दोन पावसाळे म्हणा.

जँगोची, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायच्या साधनाची, गोष्ट तर तुमच्या अगदी जवळची. मॉडेलच्या (डेटाच्या तक्त्याच्या वर्णनाच्या) आतली '_मेटा' ही चीज अंडरस्कोर असूनही बाहेरचं प्रत्येक दुसरं पॅकेज वापरायचं, कारण मॉडेलमध्ये कुठली फील्ड (रकाने) आहेत हे विचारायला दुसरी जागाच नव्हती. २०१४ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये (विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कार्यक्रमात) त्यावर काम झालं आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये जँगो १.८ बरोबर ती अधिकृत झाली. पण अधिकृत काय झालं? फील्ड मागायच्या मोजक्या पद्धती. आधीच्या ज्या डझनभर वेड्यावाकड्या वाटा होत्या त्यांच्यावर इशारा लावला, प्रत्येकीसाठी 'पूर्वी असं लिहीत होतात, आता असं लिहा' हे कागदपत्रांत दिलं, आणि २०१६ मध्ये १.१० ला त्या बंद केल्या. नावातला अंडरस्कोर मात्र त्यांनी ठेवला. मला हे फार आवडतं. नाव बदलण्यापेक्षा वचन लिहून देणं महत्त्वाचं हे त्यांना कळलं होतं.

उलटी उदाहरणंही आहेत. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने २०१८ च्या एप्रिलमध्ये, दहाव्या आवृत्तीत, आपलं सगळं आतलं कोड अंडरस्कोरच्या मागे नेलं. पिपचं म्हणणं होतं की आम्ही कधीच ते वापरा म्हटलं नव्हतं. बरोबरच होतं. तरी 'मेन सापडत नाही' ही एरर त्या महिन्यात किती जणांनी पाहिली असेल ते विचारू नका, मी स्वतः दोन मशिनवर पाहिली. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने २०२४ मध्ये २.० काढताना 'कोअर'चं नाव '_कोअर' केलं, पण जुन्या नावाने येणाऱ्याला इशारा देऊन पुढे जाऊ दिलं. रिअ‍ॅक्टवाल्यांनी (वेबपानं बांधायची लायब्ररी करणाऱ्यांनी) तर आतल्या वस्तूचं नावच 'वापराल तर नोकरी जाईल' अशा अर्थाचं ठेवलं होतं. लोकांनी तीही वापरली. बेड्यावर कवटी रंगवून ठेवलीत तरी खाडीवर जायची वाट तीच असेल तर माणूस जाणारच.

तेव्हा मागणं काय, ते सांगतो.

फोल्डर बाहेर काढू नका. आम्ही आत का शिरतो ते विचारा. मला खात्री आहे की बहुतेकांचं उत्तर दोन-तीन कामांवर येऊन थांबेल: पाणी कधी वळतं, एखाद्या उंचीच्या वर पाणी किती वेळ राहतं, आणि कदाचित उधाण-भांगाचे (मोठ्या आणि लहान भरतीचे) दिवस कुठले. त्या कामांसाठी नवी फंक्शनं लिहा. आत हवं तर जुनंच कोड बोलवा, आम्हाला कळायचं कारण नाही. मोळीऐवजी नावं असलेली वस्तू परत द्या, म्हणजे उद्या एक जास्तीचं नाव जोडता येईल. बंदर, सुरुवात, शेवट, हे नाव सांगितल्याशिवाय देताच येऊ नयेत असं करा. पायथन ३ मध्ये त्याला एक तारांकन पुरतं. वेळ कालक्षेत्रासकट (टाइमझोनसकट) मागा आणि तशीच द्या, आणि कोणी कालक्षेत्राविना वेळ दिली तर अंदाज बांधू नका, तोंडावर एरर फेका. मी ती एरर फ्रेम करून लावीन.

जुन्या अंडरस्कोरवाल्या नावांनाही लगेच मारू नका. दोन आवृत्त्या ती नव्याकडे पाठवत राहा आणि इशारा द्या. इथे एक बारीक गोष्ट: पायथनचा 'डेप्रिकेशन वॉर्निंग' ('हे लवकरच जाणार' असा इशारा) नेहमीच्या वापरात लायब्ररीच्या आतून आला तर दिसतच नाही, मुळात गाळला जातो. माझ्यासारख्याचा प्रोग्राम सर्व्हरवर एकटाच चालतो, तिथे तो कोण बघणार? 'फ्यूचर वॉर्निंग' वापरा, तो दिसतो. लॉगमध्ये रोज एक ओळ आली असती तर मी मार्गशीर्षाच्या आधी जागा झालो असतो, बहुतेक.

लगेच वचन द्यायची भीती वाटत असेल तर तेही समजतं. गो भाषेच्या मंडळींनी स्लाइस आणि मॅप (याद्या आणि जोड्या ठेवायच्या रचना) यांची मदतनीस पॅकेजेस आधी प्रयोगाच्या कप्प्यात ठेवली, लोकांना वापरू दिली, काही फंक्शनांची बोलवायची रीत बदलली, आणि मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये १.२१ बरोबर मुख्य लायब्ररीत घेतली. तुम्हीही 'प्रयोग' नावाचा कप्पा काढा. तिथलं मोडलं तर मी ओरडणार नाही, लेखी देतो.

काकांच्या पाऊणपटीचा हिशोब मी त्या दिवसापासून बराच डोक्यात घोळवलाय. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, दिवस असो की रात्र, हिशोब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास त्याच्या बऱ्यापैकी जवळ, म्हणून चालतं. त्या दूजेला नियमाने दीड येत होता आणि खरी भरती १२:५० ची, चाळीस मिनिटांचा फरक. पण त्याबद्दल काकांची तक्रार कधीच नसते, कारण त्या नियमाने मिनिटांचं वचन कोणालाच दिलेलं नाही. एक आकडा द्या, एक आकडा घ्या. आत चंद्र, सूर्य, किनाऱ्याचा आकार, खाडीची खोली, तुमचे ते सगळे स्थिरांक, जे चाललंय ते चालू दे. समुद्राचा आतला कारभार कितीही गुंतागुंतीचा असो, बाहेरच्या माणसाला त्याने दिलेला दरवाजा एवढाच आहे आणि तो पिढ्यान्पिढ्या कोणी बदललेला नाही. इतका आटोपशीर इंटरफेस मी दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत पाहिलेला नाही.

तुम्ही दोघं-तिघंच आहात, पगाराशिवाय करता, आणि मी वर एवढं मागतोय, हे मला दिसतं. कदाचित म्हणूनच तुम्हाला फोल्डर उचलून ठेवणं सोपं वाटलं असेल. एका दुपारचं काम. पण त्यानंतर प्रत्येक छोट्या बदलाला माझ्यासारखे शंभर लोक दारात येतील आणि तेव्हा त्यांच्या हातात कागद असेल. आज तुम्ही 'तो अंडरस्कोर होता' म्हणून मला परत पाठवू शकता. ती ताकद फुकट घालवू नका.

माझ्याकडून काय देऊ शकतो: वळणाच्या फंक्शनच्या बाहेरून लिहिलेल्या चाचण्या, म्हणजे आत न शिरता फक्त दारातून विचारून तपासणाऱ्या. मालवण आणि रत्नागिरीच्या छापील कोष्टकांशी ताडून, साडेपाच तासांच्या घोळासकट. दिवसातून एकच भरती येते अशा ठिकाणांसाठीही काहीतरी लिहावं लागेल, तिथे माझा अनुभव शून्य आहे, ते कोणीतरी दुसरं पाहील. आणि कागदपत्रांचा मराठी अनुवाद, मागितलात तर. मागितला नाहीत तरी करणार आहे, काकांच्या मुलाला प्रोग्रामिंग शिकायचंय.

आपला,
देवबागचा एक आगंतुक वापरकर्ता

ता. क. पत्र काकांना वाचून दाखवलं. वहिवाटीचं त्यांना पटलं, बाकीच्यावर त्यांनी मान हलवली. मग एक प्रश्न विचारला, तो तुमच्यापर्यंत पोचवतो: "भांगाच्या दिवसांत पाणी वळता की नाय ता आमकाच धड कळणा नाय, थंय ह्यांचा फंक्शन काय सांगता?" मी गेल्या अष्टमी-नवमीचे आकडे काढून पाहिले. एका सकाळी तुमचं फंक्शन बावीस मिनिटांच्या अंतराने भरती, सुकती आणि पुन्हा भरती सांगतं, तिन्हींच्या उंचीत दोन सेंटिमीटरचाही फरक नाही. गणिताने ते खोटं नसेल. पण दाराबाहेर ठेवण्याआधी तिथे एक वळण सांगायचं की तीन, हे ठरवून लिहून टाका.